मास्तरकी सोडली अन् लोखंडी नांगर घडवला! किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांची गोष्ट

पुणे-मिरज लाईनवर किर्लोस्करवाडी स्टेशन आहे. आपल्या पलूस तालुक्यातली किती तरी माणसं तिथून गाडी धरतात. स्टेशनचं हे नाव पहिल्यापासूनचं नाही. आधी त्याला कुंडल रोड म्हणायचे. आजूबाजूला निवडुंगाचं रान, साप-विंचवांचा सुळसुळाट आणि खडकाळ माळ. त्या माळाला ज्यांचं नाव लागलं ते लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. मोठे कारखानदार म्हणून सगळेच त्यांना ओळखतात. पण कारखानदार होण्याआधी ते मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत मास्तर होते, हे आपल्याकडच्या पोरांना फारसं माहीत नसतं.

हे आज सांगायचं कारण आहे. हल्ली इंजिनिअरिंग कॉलेजच्या आणि विद्यापीठांच्या बातम्यांत ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ हा शब्द सारखा वाचायला मिळतो. कॉलेजात संशोधन झालं, यंत्राचा नमुना तयार झाला, पेटंट मिळालं, की ते कारखान्याकडे आणि तिथून लोकांकडे जावं म्हणून वेगळा कक्ष असतो, करार होतात, फोटो निघतात. लक्ष्मणरावांच्या वेळी असा कक्षही नव्हता अन् तो शब्दही नव्हता. संस्थेच्या वर्कशॉपमधलं ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यायला एका माणसाच्या आयुष्यातली पंधरा-वीस वर्षं लागली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घराणं मूळचं कोकणातलं, मालवणकडच्या किर्लोस गावचं, म्हणून आडनाव किर्लोस्कर. घरात वेदान्ताचं वातावरण. पोराचं मात्र शाळेच्या पुस्तकात मन रमेना. त्याला चित्रं काढायचा आणि काही ना काही खटपट करायचा नाद. थोरल्या भावाने, रामूअण्णांनी पाठबळ दिलं आणि लक्ष्मण मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथे नशिबाने वेगळाच फासा टाकला. त्याच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. रंगांधळेपणाचा दोष. चित्रकार व्हायला आलेल्या पोराला रंगच ओळखता येत नाहीत म्हटल्यावर काय उरलं? दुसरा कुणी असता तर गाठोडं बांधून गावाकडे आला असता. लक्ष्मणने रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांची चित्रं काढायला रंग लागत नाहीत. तो यांत्रिक ड्रॉइंग शिकला आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, सहायक शिक्षक झाला. संस्था तेव्हा नवी कोरी होती. १८८७ सालची स्थापना, जागा भायखळ्याला. माटुंग्याला ती गेली १९२३ मध्ये. मुंबईतल्या कापड गिरण्यांना यंत्रं समजणारी माणसं हवी होती, त्यासाठी ही संस्था काढलेली.

यांत्रिक ड्रॉइंग म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. साध्या चित्रात वस्तू दिसते कशी ते दाखवतात. यांत्रिक ड्रॉइंगमध्ये ती बनवायची कशी ते असतं. वरून, समोरून, बाजूने आणि मधून कापल्यावर कशी दिसेल, प्रत्येक ठिकाणची जाडी किती, भोक कुठे आणि केवढं. कागद नीट असला तर ज्याने मूळ वस्तू कधी पाहिली नाही असा कारागीरही ती हुबेहूब घडवू शकतो. आणि एक नाही, हजार घडवू शकतो, सगळ्या एकसारख्या.

वर्गात लक्ष्मणराव हे शिकवत होते आणि वर्ग सुटल्यावर वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः शिकत होते. लेथ कसा चालतो, यंत्र खोलून परत कसं जोडायचं, बीड कसं ओततात. अमेरिकेतली यांत्रिक विषयाची मासिकं मिळवून वाचत होते. इंजिनिअरिंगची डिग्री त्यांच्याकडे नव्हती, शेवटपर्यंत नव्हती. संस्थेने त्यांना पगार दिला खरा, पण त्याहून मोठी कमाई त्या वर्कशॉपच्या उघड्या दाराची होती, असं मला वाटतं.

याच दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. दोन चाकांवर माणूस तोल सावरून चाललाय, हे तेव्हा जत्रेतल्या खेळाइतकं नवलाचं होतं. मग मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या आणि तिथे विकायच्या, असा धंदा दोघा भावांनी सुरू केला. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात १८८८ ची धरतात ती या सायकलींवरून. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये. त्या काळचे हजार रुपये म्हणजे किती, त्याचा विचार घरी बसून करा. सायकल चालवायला शिकवायचे वेगळे १५ रुपये.

पुढे संस्थेत वरची जागा रिकामी झाली. कामाने आणि अनुभवाने ती लक्ष्मणरावांची होती. ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. राज्य कुणाचं होतं हे वेगळं सांगायला नको. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. साल १८९७ च्या आसपासचं. सरकारमान्य संस्थेतली कायमची नोकरी सोडून सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसणं त्या काळी किती जणांना रुचलं असेल? आजही गावात एखाद्या पोराने असं केलं तर पारावर काय चर्चा होईल ते आपल्याला ठाऊक आहे.

नांगर दोन वर्षं विकला गेला नाही

बेळगावात दुकान चांगलं चाललं. गावातल्या एका रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. पण दुसऱ्याने बनवलेला माल विकण्यात लक्ष्मणरावांचं समाधान नव्हतं. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाला आणि वरचं कोवळं खातं, बुडखे पायाखाली तुडवतं. तोच बारीक करून टाकला तर सगळा खातं. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला हा हिशेब समजवावा लागत नाही. मग १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर केला.

तोवर आपल्याकडे लाकडी नांगर. बाभळीचं लाकूड, पुढे लोखंडी फाळ. हा नांगर जमीन उकरतो, पण पालथी करत नाही. हरळी, कुंदा यांच्या मुळ्या तशाच खाली राहतात. काळ्या भारी रानात तो ओढायला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपायला लागायचे, त्यामुळे ज्याच्याकडे एकच जोडी त्याला इरजिक केल्याशिवाय नांगरट नव्हती. लोखंडी नांगराला वाकडं पातं असतं. ते ढेकूळ उचलतं आणि उलटं टाकतं. तण खाली गाडलं जातं, मुळ्या उन्हात येऊन वाळतात. इंग्लंडच्या रॅन्सम्स कंपनीचे असे नांगर इकडे यायला लागले होते. लक्ष्मणरावांनी ठरवलं की तसलाच नांगर इथे, आपल्या रानासाठी घडवायचा.

नांगर झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

लक्ष्मणरावांवर लिहिणारी बहुतेक मंडळी इथे शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसून पुढे जातात. मला ते पटत नाही. विषाची भीती खोटी होती हे मान्य. पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला. मोडला तर तोच दुरुस्त करणार, फाळ लोहार शेवटून देणार, आणि दोघांनाही पैसे नाहीत, सुगीला खळ्यावर बलुतं द्यायचं. लोखंडी नांगर मात्र रोख पैशाचा. ऐन नांगरटीत फाळ दगडाला लागून तुटला तर? गावचा लोहार फाळ ठोकून देतो, तो लोखंडाचा. हा बिडाचा. बीड ठोकलं की फुटतं. म्हणजे बेळगावहून दुसरा फाळ येईस्तोवर नांगर बांधावर पडून आणि वाफसा गेला. हे सगळं ज्याला दिसत होतं त्याने खरेदीला दोन वर्षं विचार केला असेल, तर त्यात नवल काय?

आणि फाळाचं दुखणं काही मनाचं नव्हतं. नांगरात सगळ्यात जास्त झिजतो तो फाळ. बीड मऊ असलं तर मुरमाड रानात फाळाचं टोक आठवड्यात बोथट होतं. सगळाच फाळ फार कडक केला तर पहिल्याच धोंड्याला त्याचे दोन तुकडे. विलायती नांगरवाल्यांनी यावर शंभर वर्षांपूर्वीच तोड काढली होती. रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ मध्ये इंग्लंडात त्याचं पेटंटही घेतलं होतं. साच्याची खालची बाजू लोखंडाची आणि थंड ठेवायची, वरची बाजू वाळूची. वितळलेलं बीड ओतलं की थंड लोखंडाला टेकलेला भाग झटकन गोठतो आणि दगडासारखा कडक होतो. वाळूकडचा भाग सावकाश गोठतो आणि मऊ राहतो. असा फाळ रानात चालायला लागला की वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची कडक कड पुढे राहते आणि धार आपोआप टिकते. उंदराच्या दाताचं जसं असतं तसंच.

ऐकायला सोपं आहे. कुठल्या मिश्रणाचं बीड, किती तापलेलं, किती वेळ ठेवायचं, हे मात्र भट्टीपुढे उभं राहून, माल फुकट घालवत घालवतच कळतं. फौंड्रीत काम केलेल्या आपल्या भागातल्या माणसांना मी काय म्हणतोय ते लगेच समजेल. मासिकात वाचलेलं आणि प्रत्यक्ष ओतकामात जमलेलं यात फार अंतर असतं. लक्ष्मणरावांचा माल बाजारात टिकला तो हे अंतर तोडल्यामुळे.

इथेच ती ड्रॉइंगची विद्या कामाला आली. एका कागदावरून एक लाकडी फर्मा, त्या एका फर्म्यावरून हजार फाळ, सगळे सारखे. एक झिजला की दुसरा आणायचा, दोन बोल्ट आवळायचे आणि नांगर चालू. मुंबईच्या संस्थेतून लक्ष्मणराव कसलं पेटंट घेऊन आले नव्हते. मोजून, कागदावर उतरवून, एकासारखा एक भाग करायची सवय घेऊन आले होते. सुट्टा भाग मिळायला लागला की शेतकऱ्याची निम्मी भीती आपोआप जाते.

कुंडलचा माळ

धंदा मार्गी लागतोय तोवर बेळगावात जागेचा प्रश्न आला. नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती आणि कारखान्याची जागा त्यात गेली. आता भट्ट्या, यंत्रं, कामगार घेऊन जायचं कुठे? तेव्हा मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, कलेची आणि उद्योगाची कदर असलेला माणूस. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि १० हजार रुपये दिले, तेही बिनव्याजी. औंधचं संस्थान लहानसं, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. त्याच्या राजाने असा पैसा मोकळा सोडणं ही साधी गोष्ट नव्हती. आज याला सीड फंडिंग म्हणतात आणि ते मिळवायला पोरं पुण्या-मुंबईत खेटे घालतात.

१९१० मध्ये मंडळी माळावर उतरली. प्यायच्या पाण्यापासून सगळी तयारी शून्यातून. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, तात्पुरत्या घरांत संसार मांडायचा. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि इतर बायकांनी त्या दिवसांत काय काय सोसलं असेल याचा हिशेब कुठल्या वहीत सापडायचा नाही. या माळाची एकच गोष्ट चांगली होती, रेल्वे दारात होती. बीड आणि कोळसा वॅगनने उतरायचा आणि नांगर वॅगनने जायचे.

माणसं कुठून आणली, ही वेगळीच गंमत. रामूअण्णा वसाहतीचा कारभार बघायला. शंभूराव जांभेकर शिक्षण अर्धवट सोडलेले, ते इथे इंजिनिअर झाले. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, त्यांच्या डोक्यातून नव्या यंत्रांच्या कल्पना निघायच्या. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास, ते व्यवस्थापक झाले आणि कंपनीच्या वतीने बोलायला लागले. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिराजी, दोघंही तुरुंगात जाऊन आलेले. ज्यांच्यावर गावाने शिक्का मारला होता त्यांच्याच हातात लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण दिली आणि ती त्यांनी चोख केली. ज्याला स्वतःला डिग्रीवाचून डावललं गेलं होतं, त्याने माणूस निवडताना डिग्री पाहिली नाही. वाडीत शिवाशीवही पाळायची नाही असा दंडक होता. १९१०-२० च्या काळात हे किती अवघड होतं ते आपल्या आजोबा-पणजोबांनाच विचारायला हवं होतं.

पहिलं महायुद्ध लागलं तसं विलायती बीड मिळेनासं झालं. एका बाजूने संधी, कारण विलायती नांगरही यायचे थांबले. दुसऱ्या बाजूने पेच, कारण आपण तरी नांगर कशाचे ओतायचे? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा देऊ केल्या. गडावर गंजत पडलेल्या तोफा भट्टीत गेल्या आणि त्यांचे फाळ झाले. रयतेच्या राजाला तोफेपेक्षा नांगर कामाचा वाटला, यात शाहू महाराज ओळखणाऱ्याला आश्चर्य वाटणार नाही.

नांगरापाठोपाठ मोटेची जागा घेणारे पंप, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र असा माल वाढत गेला. १९२० मध्ये लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं मासिक सुरू केलं. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि साहित्यात गाजलं. पण सुरुवात बघा कशी होती. कारखान्यात काय नवं निघालं आणि ते वापरायचं कसं, हे गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगायला काढलेली ती पत्रिका. यंत्र विकून हात झटकायचे नाहीत, हे त्यांना दोन वर्षं पडून राहिलेल्या नांगरांनी शिकवलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. संस्थेतून मन उडून बाहेर पडलेल्या या माणसाने संस्थांवर राग धरला नाही. आपण जे चाचपडत, फुटक्या बिडाच्या ढिगावर शिकलो ते पोराने नीट शिकावं म्हणून त्यांनी थोरला मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधवराव यांना १९२२ मध्ये अमेरिकेला धाडलं. बोस्टनजवळची मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जगातल्या अव्वल इंजिनिअरिंग विद्यापीठांपैकी एक. जातिवंत चित्रकाराने आपले रंग पोराच्या हाती द्यावेत तसं. माधवराव तिकडेच आजारी पडून गेले. हा घाव घेऊन शंतनुराव १९२६ मध्ये इंजिनिअर होऊन माळावर परत आले. अमेरिकेत किंवा मुंबईत मोठी नोकरी सहज मिळाली असती. ते कुंडलला उतरले. तिथल्या विद्यापीठात शिकलेलं इथल्या फौंड्रीत लागू होईना तेव्हा बापाचा अनुभव आणि लेकाचं शिक्षण यांच्या कुरबुरी झाल्याच असतील, पण त्यातूनच पुढची यंत्रं निघाली. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथ बनवायचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्याला खडकीत डिझेल इंजिनांचा. विहिरीवर टकटक करणारं ते इंजिन आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने ऐकलंय. आणि हरिहरचे लेथ पुढे ठिकठिकाणच्या आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये बसले. भायखळ्याच्या वर्कशॉपमध्ये विलायती लेथपुढे उभं राहून जो मास्तर शिकला, त्याच्या घरचे लेथ पोरांना शिकवायला लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. ८७ वर्षांचं आयुष्य. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. आता नांगरट ट्रॅक्टरने होते. बैलजोड्याच कमी झाल्या तिथे बैलाचा नांगर कोण विचारतो. तरी आपल्या भागात एखाद्या जुन्या घराच्या परड्यात, शेणकुटांच्या मागे, तो नांगर अजून उभा दिसतो. पातं गंजलेलं असतं. फाळ बहुतेक वेळा मूळचा नसतो, नंतर कधीतरी बदललेला असतो.